मनुस्मृती जळाली, जीभ कधी बदलणार?

साहेब निवेदन घ्यायला बाहेर आले नाहीत, की मोर्चातून हमखास एक आरोळी उठते, "हातात बांगड्या भरल्यात काय?" कधी कधी तर बांगड्यांचा आहेरच साहेबांच्या टेबलावर मांडला जातो. फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते आणि कार्यकर्ते खूश होतात. त्याच मोर्चात निळा झेंडा खांद्यावर घेऊन उन्हातान्हात चालत आलेल्या मायबहिणींच्या मनगटांत बांगड्याच असतात, याचे भान कुणालाच राहत नाही. १९२७ साली महाडला आलेले, १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रहाला बसलेले, १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले आणि नामांतरासाठी लाठ्या झेललेले हात बांगड्यांचेही होते. मग बांगडी ही भेकडपणाची खूण आहे, हे आपल्याला शिकवले कोणी?

ज्या व्यवस्थेने हे शिकवले, तिचा ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जाळण्यात आला. ग्रंथाची राख झाली. त्याची शिकवण मात्र माणसांच्या जिभेवर शिल्लक राहिली. आमचे म्हणणे एवढेच आहे की, ही जीभ बदलायची असेल तर स्त्रियांनी लिहिलेली पुस्तके पुरुषांनी वाचली पाहिजेत आणि ती स्वतःच्या घराला लावून वाचली पाहिजेत.

रोजच्या बोलण्याची नुसती यादी करून पाहा. रडणाऱ्या पोराला सांगायचे, 'बायकांसारखा रडू नको'. घरात भांडी घासणारा दिसला की तो 'बायलोबा'. दोन पुरुषांचे भांडण पेटले की शिवी द्यायची ती समोरच्याच्या आईबहिणीवरून. मुलगी झाली की 'पहिली बेटी, धनाची पेटी' म्हणून बापाची समजूत काढायची. समजूत दुःखाच्या प्रसंगी काढतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. सून 'घर सांभाळून नोकरी करते' म्हणून तिचे कौतुक. जावई घर सांभाळून नोकरी करतो, असे कौतुक आम्ही अजून कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही. जयंतीच्या पत्रिकेवर पंचवीस पुरुषांची नावे आणि शेवटच्या ओळीत 'स्वागतगीत : महिला मंडळ'. भाषण स्त्री-मुक्तीवर, आणि भाषण चालू असताना मंडपामागे चहाच्या कपबशा विसळणाऱ्या बायका!

यावर लगेच उत्तर येते, "या किरकोळ गोष्टी आहेत. चळवळीपुढे मोठे प्रश्न आहेत." असे म्हणणाऱ्या बांधवांना आम्ही एकच आठवण करून देतो. हॉटेलात आपल्यासाठी वेगळी ठेवलेली कपबशी किरकोळ होती काय? पाणवठ्यावर वरून ओतले जाणारे पाणी किरकोळ होते काय? पाटलाच्या पोराने आपल्या म्हाताऱ्या आजोबाला 'अरे-तुरे' करणे किरकोळ होते काय? जातीची गुलामगिरी रोज, घोटाघोटाने आणि शब्दाशब्दाने पाजली जाते, हे आपल्याला बरोबर कळले होते. अपमान लहान असतो म्हणूनच तो रोज करता येतो, आणि रोज होतो म्हणूनच तो कुणाला दिसत नाही. जातीच्या बाबतीत जे कळले, ते बाईच्या बाबतीत कळू नये, हे कसे?

शिवाय हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जात टिकते ती जातीतल्या जातीतच लग्ने लावण्याच्या नियमामुळे, आणि तो नियम टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही मार्गांनी बाईलाच जखडून ठेवले गेले. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे २५. बहिणीचा मोबाइल तपासणारा, तिने कुणाशी बोलावे हे ठरवणारा आपला तरुण जातीच्या किल्ल्यावर फुकटचा पहारा देत असतो. त्याच्या गळ्यात निळा रुमाल असला म्हणून पहारा बदलत नाही.

आता पुस्तकांकडे वळू. वाचनाची भूक आपल्या समाजाइतकी क्वचितच कुठे दिसेल. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर येणारा माणूस भाकरी बांधून आणतो आणि जाताना पुस्तके बांधून नेतो. पण त्या गाठोड्यात बायांनी लिहिलेली पुस्तके किती असतात? आणि असली तर ती कोण वाचते?

ही परंपरा काही उसनी आणलेली नाही. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. फ्रान्सच्या सिमोन द बोव्हुआर यांचे गाजलेले पुस्तक १९४९ चे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' त्याच्या ६७ वर्षे आधी, १८८२ साली पुण्यात छापले गेले. निमित्त होते सुरतच्या खटल्याचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःच्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, पुढे अपिलात ती कमी झाली. पण वर्तमानपत्रांतून मात्र साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. त्या बाळाच्या बापाबद्दल कुणी अवाक्षर काढीना. ताराबाईंनी काय केले? बायकांवर रोज केले जाणारे आरोप एकेक करून घेतले आणि तोच आरोप पुरुषावर लावून पाहिला. साहस, कपट, अविचार, चंचलपणा. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखेच वजन टाकायचे. रोजच्या अपमानाला उत्तर देण्याची याहून साधी आणि धारदार रीत आम्हाला तरी ठाऊक नाही.

ताराबाईंवर टीकेची झोड उठली. त्यात सत्यशोधक वर्तुळातली माणसेही होती, हे विसरून चालणार नाही. जोतीराव मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी या टीकाकारांचा समाचार घेतला. आपल्याच सहकाऱ्यांना आपल्याच पत्रिकेतून सुनावणारा हा महात्मा होता. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही आणि पहिलेही विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले, म्हणून आज ते आपल्या हाती आहे. बाई लिहिते तेव्हा तिला गप्प करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तिला न वाचणे.

बेबीताई कांबळे यांची गोष्ट तर याहून जवळची आहे. फलटणमध्ये छोटेसे दुकान चालवता चालवता, पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचत त्या शिकल्या आणि लिहित्या झाल्या. 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. पण ती पाने त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवली होती! ज्या पुस्तकाचे नाव आपण व्यासपीठावरून अभिमानाने घेतो, ते पुस्तक चळवळीतल्याच एका घरात दडवून लिहावे लागले. त्यात गावकीचा जुलूम आहे, भूक आहे, बाबासाहेबांच्या शब्दाने उठून उभा राहिलेला समाज आहे. आणि त्याच पुस्तकात सासुरवासाला कंटाळून माहेरी पळणाऱ्या सुनेच्या पायात अडकवलेला लाकडी खोडाही आहे. आपले वक्ते भूक आणि जुलूम सांगतात. खोड्यापाशी आले की पान उलटतात. उर्मिला पवार यांच्या २००३ च्या 'आयदान'चेही तेच. त्यातले कोकण आणि आईचे विणकाम सगळ्यांना आवडते; नोकरी, संसार आणि मुले सांभाळून एम. ए. करणाऱ्या, लिहिणाऱ्या बाईला घरातून काय ऐकावे लागते, ती पाने मात्र वाचायची राहून जातात.

काही बांधव म्हणतात, ही स्त्रीवादी पुस्तके म्हणजे वरच्या जातीतल्या बायकांचे चोचले. त्या बायका आपल्या दुःखाला विचारत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे मायलेकींवर जे गुदरले, ते बाई म्हणूनही होते आणि दलित म्हणूनही होते. यातले एक झाकून दुसरे दिसणार नाही. परंतु वर उल्लेखिलेली पुस्तके कुठल्या बंगल्यात लिहिली गेलेली नाहीत. आणि स्वतःच्या हक्काची भाषा आपल्या आयाबहिणींना कुणी बाहेरून येऊन शिकवलेली नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क हवा आणि एकाहून अधिक बायका करण्याची चाल बंद व्हावी, असे ठराव तिथे झाले. तो कायदा देशाने केला १९५५ साली! म्हणजे आपल्या आज्या संसदेच्या तेरा वर्षे पुढे होत्या. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा. हा सगळा इतिहास उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांच्या दारोदार जाऊन गोळा केला आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' या नावाने मांडला. त्या नावातला 'ही' आपल्याला उद्देशून आहे, हे पुरुषांनी ओळखावे.

पुस्तक वाचले की नाही, याची परीक्षा कुठे होते? सभेत होत नाही. ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात होते. हिंदू कोड बिल रोखले गेले, हे १९५१ साली बाबासाहेबांनी दिलेल्या मंत्रिपदाच्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते. त्या बिलात मुलींचा वारसाहक्क होता. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. आणि आज आपल्यातले शिकलेसवरलेले भाऊ काय करतात? बहिणीला बोलावतात, साडीचोळी करतात आणि हक्कसोड पत्रावर तिची सही घेतात. सही करणारी 'मायाळू', वाटा मागणारी 'हावरी'. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली, तो हक्क एका साडीत सोडवून घ्यायचा, आणि भिंतीवर त्यांचीच तसबीर लावायची!

परीक्षा स्वयंपाकघरातही होते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे बिनमोल राबणे नोंदले गेले. घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ च, आणि त्यांचीही मिनिटे ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बाईची दहा मिनिटे कमी झाली; पुरुषाची वाढण्याऐवजी नऊ मिनिटे घटली. पाच तास चुलीपाशी घालवणाऱ्या बाईला 'तू काही वाचत नाहीस' असे हिणवणारा नवरा तिचा वाचनाचा वेळ स्वतःच खाऊन बसलेला असतो.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. वर्षावासात आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. तो संपला की त्याच जागी, त्याच वेळेला 'जिणं आमुचं' सुरू करावे. वाचन पुरुषांनी करावे, मोठ्याने आणि एकही पान न गाळता. खोड्याचे पानही वाचावे, आईबहिणींच्या डोळ्यांसमोर वाचावे. वाचून झाल्यावर पुरुषांनी गप्प बसावे आणि बायांनी बोलावे. त्या बोलत असतील तेव्हा चहा पुरुषांनी करावा आणि कपबशाही त्यांनीच विसळाव्यात. पुस्तक पुरे होईपर्यंत ज्यांनी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतले असेल, त्यांनी तिचा वाटा तिच्या नावे करण्याचे कागद काढावेत.

एवढे करण्यास कुठल्या पक्षाची परवानगी लागत नाही, निधी लागत नाही, एकीची वाटही पाहावी लागत नाही. विहार आहे, पुस्तक आहे, वाचता येणारे डोळे बाबासाहेबांनी दिलेले आहेत. तेव्हा येत्या रविवारी पहिले पान कोण वाचणार, तेवढे ठरवा.

जय भीम!