पौर्वात्य गालिचा
तुर्कस्तान, इराण, कॉकेशस, मध्य आशिया, भारत व चीन या प्रदेशांत हाताने विणल्या जाणाऱ्या गालिच्यांना पौर्वात्य गालिचे म्हणतात. ताण्याच्या उभ्या धाग्यांवर लोकरीच्या किंवा रेशमाच्या गाठी मारून त्यांची लव तयार होते. किलीम मात्र लवविरहित, सपाट विणीचा असतो.

तुर्की गाठीत धागा ताण्याच्या दोन्ही धाग्यांना वेढा घालतो, तर फारसी गाठीत एकालाच पूर्ण वेढा देऊन दुसऱ्याच्या मागून निघतो. ही नावे फसवी आहेत. फारसी गाठीला ‘सेन्ने गाठ’ही म्हणतात, पण इराणमधील सेन्ने (आजचे सनंदज) येथील विणकर प्रामुख्याने तुर्की गाठच मारतात. ‘बुखारा’ गालिचे मूळचे तुर्कमेन जमातींचे. बुखाऱ्याच्या बाजारात विकले जात म्हणून त्यांना ते नाव पडले. आज या नावाचे बरेच गालिचे पाकिस्तानात विणले जातात.

म्हणून खरेदीच्या वेळी नावापेक्षा गालिच्याची मागील बाजू अधिक बोलकी ठरते. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागेही स्पष्ट दिसते, गाठी किंचित असमान असतात आणि झालर ताण्याच्याच धाग्यांची असते. यंत्रावरील गालिच्याला ती बहुधा नंतर शिवतात. मागे कापड चिकटवलेला गालिचा बहुतेक वेळा टफ्टेड असतो. तोही ‘हातकाम’ म्हणून विकला जातो, परंतु त्यात गाठ नसते. लव केवळ चिकट लेपाने धरलेली असते.