आर्थिक सल्लागार प्रत्येकाला हवाच का?

पगार ठरलेला, पीएफ कापला जातोय, फार तर एखादं गृहकर्ज. अशा घराला दरवर्षी फी मोजून सल्लागार नेमायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. सहा महिन्यांचा खर्च बँकेत, टर्म इन्शुरन्स, आरोग्य विमा, पीपीएफ आणि एखादा इंडेक्स फंड, एवढ्यात बहुतेकांचं भागतं.

जपायचं ते 'फुकट' सल्ल्यापासून. म्युच्युअल फंडाचा वितरक तुमच्याकडे फी मागत नाही, पण 'रेग्युलर' प्लॅनच्या खर्चातून त्याचं कमिशन वर्षानुवर्षं जात राहतं. त्याच फंडाचा 'डायरेक्ट' प्लॅन जानेवारी २०१३ पासून मिळतोय. महिना १०,००० रुपयांची एसआयपी २० वर्षं केली आणि परतावा १२ ऐवजी ११ टक्के पडला, तर हाती सुमारे १२ लाख कमी येतात! स्टेटमेंट काढा आणि योजनेच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघाच.

निवृत्तीची एकरकमी रक्कम किंवा जमीन विकून आलेला पैसा असेल, तर मात्र सल्लागार जरूर गाठा. तो सेबीकडे नोंदणीकृत हवा. त्याचा नोंदणी क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पहिल्याच भेटीत तो विचारून घ्या.