इंजिनांची नवी बिऱ्हाडं

लॉस एंजेलिसजवळच्या पोमोना गावात दरवर्षी मोठी जत्रा भरते. त्या जत्रेच्या मैदानातच रेल्वेचं एक छोटं, उघड्यावरचं संग्रहालय आहे. २०१३च्या नोव्हेंबरात तिथल्या पार्किंगच्या डांबरावर तात्पुरते रूळ टाकले गेले आणि त्यांवरून ४०१४ क्रमांकाचं वाफेचं इंजिन हळूहळू ओढत नेण्यात आलं. इंजिन थोडं पुढे सरकलं की मागचे रूळ उचलायचे, पुढे आणून जोडायचे आणि पुन्हा ओढायचं. टेंडरसकट (म्हणजे मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यासकट) १३२ फूट लांब आणि पाचशे टनांहून जड असलेलं हे धूड १९६२ पासून तिथे उभं होतं. चालू रेल्वेमार्ग होता मैदानाच्या पलीकडे.

हे इंजिन म्हणजे ‘बिग बॉय’. वासाच पर्वतातला चढ जड मालगाड्यांना जोड-इंजिनाशिवाय चढता यावा, म्हणून युनियन पॅसिफिक रेल्वेने अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीकडून १९४१ आणि १९४४ साली मिळून अशी २५ इंजिनं बांधून घेतली. त्यांतली आठ वाचली, बाकीची भंगारात गेली.

वाचलेल्या इंजिनांची कहाणी बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. डिझेल आल्यावर, १९५०-६०च्या दशकांत, अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी वाफेची इंजिनं गावांना, नगरपालिकांना आणि हौशी मंडळांना देऊन टाकली. कुणी ती बागेत उभी केली, कुणी जत्रेच्या मैदानात. पहिली काही वर्षं कौतुकात जातात. पुढे रंग उडतो, पत्रा गंजतो, पितळी भाग चोरीला जातात. बॉयलरभोवतीच्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तो काढणं खर्चाचं आणि आरोग्याला जोखमीचं. निगा राखणारे स्वयंसेवक म्हातारे होतात, जागेला भाव येतो. मग एके दिवशी संग्रहालयापुढे प्रश्न उभा राहतो : हे आता कुणाला द्यायचं?

द्यायचं ठरलं तरी ते सोपं नसतं. मालकी नेमकी कुणाची, हे आधी शोधावं लागतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या देणगीपत्रात एखादी अट असू शकते, किंवा इंजिन संग्रहालयाचं नसून नगरपालिकेचं निघू शकतं. विक्री झालीच, तर त्या पैशांतून पगार किंवा विजेची बिलं भागवू नयेत, ते संग्रहासाठीच वापरावेत, असा अमेरिकी संग्रहालयांच्या संघटनेचा आचारसंहितेतला दंडक आहे. तो योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक तंगीच्या वर्षी एकेक इंजिन विकलं जाईल.

त्यानंतर वाहतूक. जुन्या गाड्यांच्या आसांना बहुधा तेलावर फिरणारी साधी बेअरिंग असतात, आणि तशी गाडी मुख्य मार्गावर घ्यायला आजच्या रेल्वे कंपन्या सहसा राजी नसतात. अशा वेळी क्रेन, बुटके बहुचाकी ट्रेलर आणि रस्त्याचे परवाने यांची जुळवाजुळव करावी लागते. मोठं इंजिन असेल तर चाकं, टेंडर, बॉयलर सुटे करून न्यावे लागतात. वस्तू फुकट मिळाली तरी ती नेण्याचा खर्च घेणाऱ्याला घाम फोडतो. इंजिन पुन्हा चालवायचं असेल तर अमेरिकी नियमांप्रमाणे चालण्याचे १,४७२ दिवस किंवा १५ वर्षं, यांतलं जे आधी भरेल तेव्हा बॉयलर उघडून पूर्ण तपासणी करावी लागते.

४०१४च्या बाबतीत दोन गोष्टी पथ्यावर पडल्या. बिग बॉयच्या सगळ्या आसांना रोलर बेअरिंग होती, त्यामुळे ते स्वतःच्या चाकांवर प्रवास करू शकत होतं. दुसरी गोष्ट अधिक मोलाची : दक्षिण कॅलिफोर्नियाची कोरडी हवा आणि पोमोनाच्या स्वयंसेवकांनी पन्नास वर्षं राखलेली निगा. युनियन पॅसिफिकने हे इंजिन २०१३च्या जुलैत परत मिळवलं आणि मोबदल्यात संग्रहालयाला ३१०५ क्रमांकाचं डिझेल इंजिन, मालडबा आणि गार्डाचा डबा दिला. २०१४च्या मे महिन्यात डिझेल इंजिनांनी ओढत ते वायोमिंगमधल्या शायेनला पोचवलं. पाच वर्षं दुरुस्ती चालली, कोळशाऐवजी तेलावर चालण्याची सोय झाली. पूर्व आणि पश्चिम अमेरिका रुळांनी जोडली गेली ते साल १८६९. त्याच्या दीडशेव्या वर्षी, मे २०१९ मध्ये, बिग बॉय स्वतःच्या वाफेवर यूटा राज्यातल्या ऑग्डेनला पोचलं. श्रेय रेल्वेच्या कारखान्याला मिळालं आणि ते रास्तही होतं. पण पोमोनाच्या त्या मंडळींनी ते गंजू दिलं असतं, तर शायेनला दुरुस्त करण्यासारखं काय उरलं असतं?

सगळ्यांना असा धनाढ्य वाली भेटत नाही. ओहायोत क्लीव्हलँडजवळ जेराल्ड ब्रुकिन्स या उद्योजकाने ‘ट्रॉलीव्हिल’ नावाने ट्राम आणि विजेच्या गाड्यांचा मोठा संग्रह उभा केला होता. त्याच्या मृत्यूनंतर पुढे तो संग्रह दुसऱ्या संस्थेकडे गेला. क्लीव्हलँडच्या सरोवरकाठी ट्राम चालवण्याचा त्या संस्थेचा बेत पैशांअभावी फसला आणि २००९ मध्ये गाड्या लिलावात निघाल्या. भंगारवाल्यांना ही आयती संधी होती. पण अमेरिकेतली अनेक ट्राम-संग्रहालयं एकत्र आली. एकमेकांविरुद्ध बोली चढवण्याऐवजी कुणाला काय हवं ते त्यांनी आधीच ठरवून घेतलं. शिकागो-ऑरोरा-एल्जिन मार्गाच्या बऱ्याचशा गाड्या इलिनॉयमधल्या युनियन गावच्या संग्रहालयाला मिळाल्या, म्हणजे जिथे त्या धावल्या त्याच मुलखात परतल्या. एखादी वस्तू मिळवण्यासाठी संग्रहालयं किती इरेला पेटतात, हे ठाऊक असलेल्याला या समजूतदारपणाचं मोल कळेल.

वस्तू जन्मगावीच जावी, असा आग्रह मात्र नेहमी धरता येत नाही. दार्जिलिंगच्या घाटात राबलेलं ७७८ क्रमांकाचं छोटं इंजिन १८८९ मध्ये ग्लासगोला बांधलं गेलं. १९६०च्या दशकात ते एका अमेरिकी हौशी माणसाने विकत घेतलं आणि इंडियानातल्या हेस्टनच्या संग्रहालयात ते राहिलं. या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधले रेल्वे अधिकारी एड्रियन शूटर यांनी ते नेलं, दुरुस्त केलं आणि ऑक्सफर्डशायरमधल्या आपल्या घराच्या आवारात दोन फुटी रूळ टाकून चालवलं. तीन खंड फिरलेलं हे इंजिन टिकलं, कारण दर टप्प्यावर त्याला हात लावणारं कुणीतरी होतं.

म्हणून नवं घर शोधताना अंतरापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : डोक्यावर छप्पर आहे का, पुढच्या दहा वर्षांचा पैसा आहे का आणि कामाला माणसं आहेत का. २०२२ मध्ये युनियन पॅसिफिकने आपलं १९४३चं ‘चॅलेंजर’ ३९८५ आणि १९२३चं ५५११ ही इंजिनं काही डब्यांसह इलिनॉयच्या सिल्व्हिसमधल्या एका संस्थेला दिली. तिथे जुन्या रॉक आयलंड रेल्वेचा प्रशस्त कारखाना त्यांच्यासाठी तयार होता. देणगी अशी, हातात वेळ असताना आणि घेणाऱ्याची ताकद पाहून द्यावी. लिलावाचा दिवस उजाडल्यावर पर्याय फार थोडे उरतात.

शिकागोच्या परिसरात मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. वर सांगितलेलं युनियन गावचं संग्रहालय तिथून मोटारीने तास-दीड तासावर आहे आणि हंगामात तिथे विजेच्या जुन्या गाड्या प्रत्यक्ष धावतात. ते बहुतांशी स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. मुलांना घेऊन एखाद्या रविवारी तिथे जरूर जावं, तिकीट काढून गाडीत बसावं आणि ज्याच्या हाताला यंत्राची सवय आहे त्याने तिथे कामाला नावही द्यावं.