मुळाचे टोक आणि दुबार पेरणी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, विशेषतः सिल्लोड, कन्नड व फुलंब्री या तालुक्यांत, मृगाच्या सरींवर मका पेरला जातो. पुढे पावसाने ओढ दिली, की कोवळे पीक खुरटते, पाने सुरळी करतात आणि शेतकऱ्याच्या मनात दुबार पेरणीचा विचार येतो. तो पक्का करण्यापूर्वी जमिनीखाली काय चालले आहे, हे पाहणे अगत्याचे होय.

मूळ लांबते ते टोकालगतच्या सुमारे एक सेंटिमीटर भागात. तेथील प्रत्येक पेशीभोवती सेल्युलोजच्या तंतूंची भिंत असते. लाकडी पिंपावरील लोखंडी पट्ट्यांप्रमाणे हे तंतू आडवे वेढलेले असल्यामुळे आतील पाण्याच्या दाबाने पेशी जाड न होता लांब होते. मक्याच्या मुळात हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे सहापट असतो. तथापि केवळ दाब पुरत नाही. भिंतही सैल व्हावी लागते. तंतूंची पकड ढिली करणारी एक्सपान्सिन ही प्रथिने १९९२ साली काकडीच्या रोपांत ओळखली गेली.

ओल घटली, की पेशीतील दाब उतरतो. परंतु अशा स्थितीत मक्याच्या मुळाच्या टोकाशी या प्रथिनांचे कार्य वाढते व भिंत अधिक सहज ताणली जाते, असे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९९६ साली दाखवून दिले. म्हणूनच वर वाढ थांबलेली असतानाही मूळ ओलीकडे उतरत राहू शकते.

घट्ट जमिनीत मात्र निराळेच घडते. वाफसा नसताना काळ्या रानात ट्रॅक्टर घातला, किंवा दरवर्षी एकाच खोलीवर नांगरट केली, तर खाली कठीण थर बनतो. मुळातून निघणारा इथिलीन वायू दाबलेल्या मातीत कोंडून राहतो. त्यामुळे मूळ आखूड व जाड होते, असे २०२१ साली भातावरील संशोधनात आढळून आले.

यास्तव शेतकरी बंधूंनी शेतात निरनिराळ्या ठिकाणची आठ-दहा रोपे खुरप्याने मातीसकट काढून मुळे हलक्या हाताने धुवावीत. टोक पांढरे व निमुळते असल्यास मूळ जिवंत आहे; कोळपणी करून भेगा बुजवाव्यात, ओल राखावी व काही दिवस वाट पाहावी. मूळ जाड, आखूड व वाकडे असल्यास दोष घट्ट थराचा समजावा. त्याच रानात पुन्हा बी टाकल्याने तो जात नाही. त्यासाठी उन्हाळ्यात खोली बदलून नांगरट करावी व शेणखत घालावे. बहुतेक रोपांची टोके तपकिरी व मऊ पडली असतील, तरच दुबार पेरणी करावी. तीही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावर.

दुसऱ्यांदा बियाणे घेण्यास पैसे पडतात. मूळ उकरून पाहण्यास काहीच पडत नाही.