रुईवरचे पट्टेरी पाहुणे

बालमित्रांनो, पेणहून रोह्याला जाताना खिडकीतून बाहेर पाहा. रस्त्याकडेला, रुळांच्या बाजूला, पडीक माळावर जाड, राखाडी-हिरव्या पानांचं एक झुडूप हमखास दिसतं. ओळखलंत? बरोबर, रुई! शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, गणेशचतुर्थीच्या पत्रीत जिला मान असतो, तीच ही. पण एरवी? ‘उगाच माजलेलं रान’ म्हणून आपण तिच्यावर कोयता चालवतो.

एकदा शाळेच्या सफाईत मीही म्हटलं, “कुंपणाजवळची रुई काढून टाकू या रे.” चार झुडपं पडली. पाचव्यापाशी एक मुलगी ओरडली, “बाई, थांबा! हिच्यावर कोणीतरी राहतंय!”

बघते तर काय, पानाखाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचे सुरवंट! ती होती ‘प्लेन टायगर’ या नारिंगी फुलपाखराची पिल्लं. त्याची मादी रुई आणि तिच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालते. सुरवंटांना दुसरा पाला चालतच नाही. म्हणजे आम्ही त्यांचं भरलं ताटच ओढून घेत होतो. चूक माझीच होती.

आता गंमत ऐका. रुईचा चीक विषारी, म्हणून शेळ्यासुद्धा तिला सहसा तोंड लावत नाहीत. सुरवंट मात्र हुशार! तो आधी पानाची शीर कुरतडतो, चीक वाहून जाऊ देतो आणि मग पान खातो. तरी थोडं विष अंगात साठतंच. ते पुढे फुलपाखरातही उतरतं. एकदा कडू चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही!

अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराचे सुरवंटही रुईच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात. तिथेही ती झाडं तण म्हणून मारली गेली आणि फुलपाखरं रोडावली. शेवटी कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २०१४ मध्ये त्या झाडांचं नाव तणांच्या यादीतून काढलं.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. रुईचा चीक डोळ्याला इजा करतो. म्हणून पानं-फुलं तोडू नका, नुसतं वाकून बघा. हाताला चीक लागलाच तर साबणाने धुवा. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने डोळा धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. पालकांनो, तुम्हीही हे ध्यानात असू द्या.

आमची पाचवी रुई अजून उभी आहे. उन्हाळ्यात तिच्या फळांतून पांढऱ्या ‘म्हाताऱ्या’ उडतात, तेव्हा सगळा वर्ग त्यांच्यामागे धावतो. तुमच्या कुंपणाजवळही असेल एखादी रुई. मग कोयता उचलण्याआधी तिच्या पानाखाली कोणी राहतंय का, ते बघाल ना?