कॅलगरीची गारपीट : आकाशातला बर्फ आणि छपराचं बिल

गारपीट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शेत येतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल : आडवा झालेला गहू, फुटलेले द्राक्षाचे घड. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातही शेतकऱ्याला गारांची धास्ती असतेच, पीकविम्यात गारांसाठी वेगळी सोय असते. पण त्याच प्रांतातल्या कॅलगरी शहरात तुम्ही गारांचा विषय काढलात, तर लोक पिकाबद्दल बोलत नाहीत. छपराबद्दल, गाडीबद्दल आणि विम्याच्या हप्त्याबद्दल बोलतात. आज आपण हेच समजून घेणार आहोत. ज्या संकटात माणसं सहसा दगावत नाहीत, ते एका शहराची रोजची काळजी कसं होऊन बसतं?

आधी आकडे बघू. ५ ऑगस्ट २०२४, सोमवार, सुट्टीचा दिवस. संध्याकाळी कॅलगरीच्या उत्तर भागावरून वादळ गेलं. विमानतळाच्या इमारतीचं छप्पर फुटलं, उभ्या विमानांना पोचे पडले आणि ती सेवेतून काढावी लागली. विमा कंपन्यांचा पहिला अंदाज आला तो सुमारे २.८ अब्ज कॅनेडियन डॉलरचा. त्याच्या दोनच आठवडे आधी जास्परला वणवा लागला होता. ती बातमी जगभर गेली, आणि जायलाच हवी होती, कारण गावाचा मोठा भाग जळाला. पण तिथल्या विम्याच्या नुकसानीचा पहिला अंदाज ८८ कोटी डॉलरचा होता. म्हणजे एका संध्याकाळच्या गारा, निदान पैशाच्या हिशेबात, त्या वणव्याच्या तिप्पट महाग पडल्या. गारपिटीचा फोटो तितका भयानक दिसत नाही, म्हणून तिची बातमी लवकर विरते. बिल मात्र विरत नाही.

आता हे तिथेच का होतं? कॅलगरीपासून उत्तरेला रेड डिअरपर्यंतच्या पट्ट्याला तिकडे ‘हेल अ‍ॅली’ म्हणतात, म्हणजे गारांची गल्लीच. पश्चिमेला रॉकी पर्वत. उन्हाळ्यात दुपारी पर्वताच्या पायथ्याशी हवा वर चढू लागते. मैदानातल्या पिकांमधून तिला बाष्प मिळतं, वरच्या थरात हवा थंड. ढग झपाट्याने उंच वाढतो. त्याच्या पोटात वर जाणारा झोत इतका जोरदार असतो की गार खाली पडूच शकत नाही. ती गोठणबिंदूखालच्या पाण्याच्या थेंबांमध्ये तरंगत राहते आणि अंगावर बर्फ चढवत जाते. झोताला पेलवेनाशी झाली की खाली. आणि एक महत्त्वाची गोष्ट : कॅलगरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. गोठणरेषा आणि जमीन यांच्यातलं अंतर कमी, त्यामुळे वाटेत वितळायला गारेला वेळच मिळत नाही. आपल्याकडे ऐन पावसाळ्यात गारा सहसा का पडत नाहीत, याचं उत्तरही बरंचसं यातच आहे. तेव्हा गोठणरेषा फार वर असते.

गारेचा आकार तिकडे नाण्यांनी आणि चेंडूंनी सांगतात. ‘टूनी’ म्हणजे दोन डॉलरचं नाणं, साधारण २८ मिलिमीटर. मग गोल्फचा चेंडू, मग टेनिसचा. हे गमतीचं वाटतं, पण गणित बघा. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं. मोठी गार वेगानेही पडते. दोन्ही एकत्र धरलं तर आघाताची ऊर्जा साधारण सोळापट होते! म्हणून टूनीएवढ्या गारेने पोचा पडतो आणि टेनिसच्या चेंडूएवढी गार काचेतून आत येते. १ ऑगस्ट २०२२ रोजी अल्बर्टातच मार्करव्हिल गावाजवळ जी गार सापडली ती १२३ मिलिमीटरची, जवळपास २९३ ग्रॅमची. कॅनडातला हा विक्रम आहे.

आता जमिनीवर येऊ. १३ जून २०२० ची गारपीट ईशान्य कॅलगरीवर कोसळली. सॅडल रिज, टाराडेल, मार्टिनडेल या वस्त्या. इथे दक्षिण आशियातून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. कोविडचे दिवस होते, अनेकांच्या कामाची शाश्वती नव्हती. टेनिसच्या चेंडूएवढ्या गारा वाऱ्यासोबत तिरक्या आल्या आणि घरांच्या एका बाजूची भिंत चाळणी झाली. भिंत म्हणजे विटांची नव्हे बरं का. लाकडी सांगाडा आणि बाहेरून व्हिनाइलच्या पट्ट्या, तिकडे ज्याला ‘सायडिंग’ म्हणतात. छपरावर डांबरी शिंगल. स्वस्त, हलकं, पटकन बसवता येतं. गारांना टिकणारी शिंगलं बाजारात मिळतात. वरच्या श्रेणीच्या, म्हणजे ‘क्लास ४’ शिंगलची चाचणी दोन इंची पोलादी गोळा २० फुटांवरून टाकून घेतात. पण घर बांधताना ती वापरण्याची बिल्डरवर सक्ती नव्हती. बिल्डरने वाचवलेला पैसा पुढे घरमालकाच्या खिशातून जातो. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी मेख ही आहे.

२०२० च्या त्या दिवसाचं विम्याचं नुकसान एक अब्ज डॉलरच्या वर गेलं. सरकारी आपत्ती मदत? तिचा नियम असा की ज्या गोष्टीचा विमा मिळू शकतो, तिला मदत नाही. तुंबलेल्या पाण्याच्या पुराला मदत मिळाली. गारांचा विमा मिळतो, म्हणून गारांना नाही.

मग विमा काय करतो? समजा छप्पर बदलायला १८,००० डॉलर लागतात. छप्पर बारा वर्षांचं, आयुष्य वीस वर्षं धरलेलं. पॉलिसीत ‘पूर्ण बदली खर्च’ असेल तर काळजी कमी. पण कित्येक पॉलिसींमध्ये जुन्या छपरासाठी घसारा वजा करून पैसे देण्याचं कलम असतं. म्हणजे उरलेल्या आठ वर्षांचे ७,२०० डॉलर. त्यातून डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपण स्वतः सोसायचा हिस्सा, समजा २,५०० डॉलर. हातात आले ४,७०० आणि खिशातून गेले १३,३००. कागदावर तुम्ही ‘विमाधारक’च आहात! प्रत्येक मोठ्या वादळानंतर हप्ते वाढतात, ही कलमं कडक होतात. कर्जावर घर घेतलेल्याला विमा सोडताही येत नाही, कारण बँक तो मागते.

गारपिटीनंतर दुसऱ्याच दिवशी दारावर छप्परवाले येतात. आगाऊ रक्कम द्या, लगेच काम सुरू करतो. अल्बर्टात दारावर येऊन करार करणाऱ्या आणि आगाऊ पैसे घेणाऱ्या कंत्राटदाराला परवाना लागतो, आणि असा करार दहा दिवसांत दंडाशिवाय रद्द करता येतो. नवख्या माणसाला हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगतोय.

उपायांचं काय? १९९१ च्या सप्टेंबरातल्या गारपिटीनंतर विमा कंपन्यांनीच पैसे घालून १९९६ पासून ढगांवर सिल्व्हर आयोडाइड फवारणारी विमानं ठेवली आहेत. कल्पना अशी की थोड्या मोठ्या गारांऐवजी पुष्कळ बारीक गारा तयार व्हाव्यात. २०२० आणि २०२४ ची वादळं हा प्रकल्प चालू असतानाच झाली. फवारणी नसती तर काय झालं असतं, हे सिद्ध करणं अवघड. त्याच ढगाचा दुसरा प्रयोग करता येत नाही. कॅलगरी महापालिकेने २०२० नंतर मजबूत छपरासाठी ३,००० डॉलरचं अनुदान दिलं, पण त्याचा निधी मर्यादित होता. आम्हाला विमानांपेक्षा हे छपराचं काम जास्त भरवशाचं वाटतं.

हवामानबदलाचा प्रश्न दरवेळी येतो. जास्त उष्ण हवेत बाष्प जास्त, झोत जोरदार. पण गोठणरेषाही वर सरकते. म्हणून बारीक गारा वाटेतच वितळतील आणि मोठ्या गारांचं प्रमाण वाढेल, असा अभ्यासकांचा कल आहे. पण बिल वाढायला हवामान एकटं जबाबदार नाही. १९९१ मध्ये कॅलगरीची वस्ती सुमारे सात लाख होती, २०२१ मध्ये तेरा लाख. जिथे गारा गवतावर पडायच्या तिथे आता छपरं आहेत.

एका श्रोत्यांनी आधीच प्रश्न पाठवला आहे : आम्ही भाड्याने राहतो, गाडी रस्त्यावर लागते, आम्हाला याचं काय? छप्पर घरमालकाचं, ते त्याच्या विम्यात. तुमच्या भाडेकरू विम्यात घरातलं सामान येतं. गाडीचं मात्र नीट बघा. अल्बर्टात सक्तीच्या विम्यात गारांचं नुकसान येत नाही. गारांचे पोचे ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ या ऐच्छिक भागात येतात. टॅक्सी किंवा डिलिव्हरी करणाऱ्यांनी तर पॉलिसीत गाडीचा व्यावसायिक वापर नोंदवलाय का, हेही आजच तपासा. आणि इशारा आला की पार्केडमध्ये, म्हणजे बहुमजली पार्किंगमध्ये गाडी न्या, पण उड्डाणपुलाखाली रस्त्यातच थांबू नका. मागून येणाऱ्याला गारांच्या पडद्यात तुम्ही दिसत नाही. पुढचा प्रश्न घेऊ.