पांढऱ्या कड्याचा अर्थ

सकाळी उठल्या उठल्या डोकं ठणकतं, उलटी होते, एखाद दिवशी झटका येतो. मानोऱ्याचा किंवा रिसोडचा पेशंट आधी वाशिम गाठतो, तिथून अकोला, नाहीतर नागपूर. सीटी स्कॅन झालेला असतो आणि डॉक्टर म्हणतात, ‘गाठीची शंका आहे, आता कॉन्ट्रास्टचा एमआरआय करा.’ फोटो तर निघाला, मग पुन्हा खर्च कशाला, असं घरच्यांना वाटतं.

सीटी म्हणजे डोक्याभोवती फिरणारा एक्स-रे. रक्तस्राव झालाय का, हे तो काही मिनिटांत सांगतो. मेंदूच्या मऊ भागातले बारकावे मात्र त्यात नीट उमटत नाहीत, मज्जारज्जूचे तर त्याहून कमी.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतोच. नेहमीच्या 1.5 टेस्लाच्या मशीनचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट ताकदीचं असतं. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. रेडिओ लहरींनी त्याचे अणू हलतात आणि पूर्वस्थितीला येताना संकेत देतात, त्यावरून चित्र तयार होतं. गाठीभोवतीची सूज, म्हणजे साचलेलं पाणी, काही चित्रांत पांढरं दिसतं.

मग शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन, हाच तो ‘कॉन्ट्रास्ट’. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती एरवी इतक्या घट्ट, की हे औषध बाहेर पडत नाही. गाठीपाशी त्या सैल झालेल्या असल्या की ते झिरपतं आणि तो भाग उजळतो. कधी नुसतं कडंच उजळतं, मध्ये काळं. रिपोर्टमध्ये ‘रिंग’ शब्द वाचून माणसं कोसळतात. थांबा! असं कडं कॅन्सरच्या गाठीत दिसतं, तसंच क्षयाच्या गाठीत, पू साचल्यावर आणि मेंदूत शिरलेल्या फीतकृमीच्या अळीभोवतीही दिसतं. आपल्याकडे क्षय आणि ही अळी काही दुर्मीळ नाहीत, आणि दोन्हींवर औषधं आहेत. शंका उरली तर तुकडा तपासूनच निर्णय होतो.

मणक्यात पहिला प्रश्न जागेचा: गाठ मज्जारज्जूच्या आत, की बाहेरून दाबणारी? बाहेरची काढणं बहुधा सोपं जातं.

पेसमेकर, शरीरातलं धातूचं काही, किडनीचा आजार हे आधीच सांगा. आणि एसटीत फिल्मची सुरळी करू नका, सीडीही मागून घ्या. गाठ वाढली की आटली, हे पुढचा डॉक्टर जुन्या चित्रांशी ताडूनच सांगू शकतो.